हात पुढे करा

तीर्थस्वरूप दादा,

तुझ्या टकळीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं धरून चाल. खरोखर वाकले तर सरळ व्हायला शेजारणीला हाक मारावी लागते, आणि ती एकदा आली की चहा घेतल्याशिवाय हलत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? डावा विचारतेय. मागच्या फोनवर तू उजव्याबद्दल बोलत होतास आणि मी शेवटपर्यंत डाव्याचीच काळजी करत होते. खोलीतला हीटर दुरुस्त झाला, की अजून लाथ मारूनच सुरू करतोस? लाथ डाव्या पायाने मारत असशील तर वरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. वेळेवर जेवतोस का, कुंड्यांना पाणी घालतोस का, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतोस का, हे सगळं विचारलं असं समजून उत्तरं पाठव. इकडे मी ठणठणीत आहे. दात सोडून.

आता म्हणशील, फोन असताना हिला पत्राचं खूळ का सुचलं. त्याला कारण तूच. तुझ्या लेकीचं, खारूचं, ते प्रदर्शन बघायचं तर खुशाल बघ, पण मला त्यातलं एक अक्षर सांगू नकोस, असं तू बजावलं होतंस. मी तुझा शब्द कधी मोडलाय? (शाळेची सहल आणि माझं लग्न सोडून दे.) म्हणून मी सांगत नाहीये. लिहितेय. लिहू नकोस असं तू म्हणाला नव्हतास. शिवाय नावडता विषय निघाला की फोनवर तुला अचानक ऐकू येईनासं होतं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, दादा; खरा बहिरा कोण आणि सोयीपुरता बहिरा कोण, हे मला नुसत्या श्वासावरून कळतं. पत्राच्या बाबतीत ती सोय नाही. ते फाडता येतं म्हणा, पण तू कागद फाडणारा नव्हेस, मागची कोरी बाजू कामाला येईल म्हणून जपून ठेवणारा आहेस. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितेय.

आधी भांडणाची उजळणी करते, म्हणजे मी कुणाच्या बाजूने आहे ते माझं मलाच कळेल. वहिनी गेली त्याला हा दुसरा हिवाळा. खारूने (ती कितीही मोठी कलाकार होऊ दे, लोकरीचे गुंडे पळवून पलंगाखाली साठवणाऱ्या पोरीला मी खारूच म्हणणार) सगळ्या गोतावळ्यातून आईने विणलेले स्वेटर मागवले. तिच्या मामाने दिला, तुझ्या घरमालकाने दिला, मीही माझा राखाडी कार्डिगन देऊन टाकला, त्याचं ती काय करणार हे न विचारताच. तुझ्याकडे ती तो तपकिरी स्वेटर मागायला आली. तोच, ज्याची डावी बाही तुझ्या बोटांपर्यंत येते, आणि जी दुमडताना तू दरवेळी सांगतोस की शेवटी शेवटी हिचं माप चुकायला लागलं होतं. बोलता बोलता पोरगी सांगून बसली की हे सगळे स्वेटर ती उसवणार आहे. तू उठलास, कपाटाला कुलूप लावलंस, किल्ली खिशात टाकलीस. ‘तुझ्या आईने विणलं ते तू उसवणार, आणि लोक ते बघायला येणार?’ एवढंच बोललास, आणि तेव्हापासून मुलीशी बोललेला नाहीस. मला तुझं पटलं होतं. माझा कार्डिगन हातचा गेला नसता तर मीही कुलूपच लावलं असतं. तेव्हा परवा मी तिथे गेले ती तुझ्या बाजूची हेर म्हणून. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

प्रदर्शन बर्फाच्या जुन्या कारखान्यात आहे. जिथे एवढी वर्षं बर्फ केला तिथे आता लोकर मांडायची, हा विचार ज्याला सुचला त्याला निदान थंडी वाजत असावी. खारू या प्रकाराला मांडणशिल्प म्हणते. मला वाटलं होतं भिंतीवर काहीतरी टांगलेलं असेल, आपण हात मागे बांधून लांबून बघायचं, मान तिरकी करायची, आणि चहा कुठे मिळतो ते विचारायचं. तसलं काही नाही. दारातच एक मुलगी उभी. ती म्हणाली, आत पाऊल टाकलंत की तुम्ही प्रेक्षक उरणार नाही. मग कोण, असं विचारलं तर म्हणे, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी म्हटलं, बाई गं, या वयात आता ठरवायचं काय राहिलंय! तर ती एवढ्या आदराने हसली की मी पाठ केलेलं वाक्य टाकलं असा तिचा समज झाला असावा. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. इथेच मला धोका कळायला हवा होता.

आत मोठा लांबलचक हॉल. छताला लोखंडी आकडे लोंबतात, पूर्वी त्यांना बर्फाच्या लाद्या अडकवत. आता त्यांना लोकरीच्या लड्या आहेत. हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या, आणि खारूच्या मामाच्या अंगावर त्याला न विचारता चढवलेला तो भयंकर नारिंगी. खाली समोरासमोर मांडलेल्या खुर्च्यांच्या जोड्या. एकीवर बसणाऱ्याने दोन्ही हातांवर लडी धरायची, दुसरीवर बसणाऱ्याने तिचा गुंडा करायचा. दोघं एकमेकांना अनोळखी हवेत, एवढी एकच अट. आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन शब्द: हात पुढे करा.

दादा, ते वाचलं आणि हातातली पिशवी खाली ठेवून माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. तुझेही झाले असते. आपल्या घरात त्या तीन शब्दांतून कुणाची सुटका झालीय? बेल वाजली की लोकांच्या घरी ‘या, बसा’ म्हणतात. वहिनी म्हणायची, ‘या, बसा, हात पुढे करा.’ मीटर बघायला आलेला माणूस बिचारा आकडे बघायचा विसरून लोकर धरून बसायचा. विमा एजंट तर एवढा पक्का अडकला की शेवटी वहिनीनेच त्याला दोन स्वेटर विकले आणि तो विमा न विकता घरी गेला. तुझे ऑफिसचे साहेब आले तेव्हा तू आतून डोळ्यांनी खुणा करत होतास, आणि वहिनी त्यांना सांगत होती की कोपर जरा वर घ्या, लोकर घसरतेय. साहेब तासाभराने उठले ते बढतीचं बोलायचं विसरून, पण त्यांच्या सासूचं आणि त्यांचं नक्की कुठे बिनसलं ते सगळं सांगून. हात बांधलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, असं वहिनी म्हणायची. हात हलवता आले नाहीत की बाता मारायला जोर येत नाही म्हणे.

आणि आमचे हे पहिल्यांदा घरी आले तो दिवस! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, तोंडाला कोरड. तू उलटतपासणी घ्यायला टपून बसलेला. वहिनीने तुझा पहिला प्रश्न बाहेर पडायच्या आत ह्यांच्या हातावर निळी लडी चढवली. मग चहा आला. हात अडकलेले, कप धरणार कसा? मी कप धरून ह्यांना चहा पाजला. भर बैठकीत, तुझ्या देखत. त्यानंतर तुझ्या प्रश्नांना काही अर्थच उरला नाही. वहिनी खाली मान घालून गुंडा करत होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसत होती. माझं लग्न तिने त्या लोकरीत गुंतवून टाकलं, हे मला पुढे कळलं. ह्यांना कायम वाटत राहिलं की त्यांनी मला मागणी घातली.

असो. (टकळी हे नाव तू उगाच ठेवलेलं नाहीस.) मला स्वच्छतागृह कुठे ते विचारायचं होतं. एक गृहस्थ दोन्ही हातांवर हिरवी लडी घेऊन ताठ बसले होते, समोरची खुर्ची रिकामी. मला वाटलं, हे इथले कर्मचारी. विचारलं तर त्यांचे डोळेच भरून आले. ते दातांचे डॉक्टर निघाले. बायकोबरोबर आले होते. बायको त्यांच्या हातावर लडी चढवून चहा प्यायला गेली ती गेलीच. उठावं तर कलाकृती मोडेल, बसावं तर पाय झोपलेले. येणारे-जाणारे त्यांच्याभोवती थांबत होते. एका बाईंनी तर एकटेपणाचं इतकं प्रभावी दर्शन आपण कुठेच पाहिलं नाही असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. मी समोर बसले आणि गुंडा करून त्यांना मोकळं केलं. तेवढ्यात त्यांनी माझं तोंड बघून वरच्या दोन दाढा काढाव्या लागतील असं सांगितलं. त्यांना मोकळं केल्याचा मला लगेच पश्चात्ताप झाला.

तिथे कोण बघणारा आणि कोण दाखवणारा हे कळायला मार्गच नाही. एक वायरमन शिडीवर चढून दिवा बदलत होता. खाली अर्धवर्तुळ करून वीसेक माणसं माना वर करून उभी. त्याने जुना दिवा काढला, सगळे गंभीर. नवा बसवला, उजेड पडला, तर टाळ्यांचा कडकडाट! वायरमन आधी बावरला, मग शिडीवरूनच मान लववली. थोड्या वेळाने बघते तर काय, तोच चांगला दिवा काढून तो पुन्हा बसवत होता. एकदा टाळी मिळाली की माणूस कामातून जातो. तू शाळेच्या एका संमेलनात झाडाचं काम केल्यावर आठवडाभर दारात फांद्या पसरून उभा राहायचास, तसंच.

आणि मग मला ते वर्तमानपत्र दिसलं. खिडकीजवळ खुर्च्यांची एक जोडी इतरांपेक्षा वेगळी आहे. लडी धरणाऱ्याच्या खुर्चीसमोर एक बुटकं स्टूल, त्यावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडून ठेवलेलं. आणि शेजारी एक छोटा वेताचा मोडा, मूल बसेल एवढाच. त्यापुढे एक दाढीवाले समीक्षक चार जणांना समजावत होते. हात बांधलेल्या आधुनिक माणसापुढे माहितीचा ढीग पडला आहे आणि तो हतबल आहे, असं काहीसं. मोडा म्हणजे म्हणे हरवलेलं निरागसपण. दादा, मला हसू आवरेना. इतक्या मोठ्याने हसले की पलीकडच्या दोघांच्या हातातला गुंडा पडून घरंगळत गेला. हतबल कसला! रविवारी सकाळी तू लडी धरून बसायचास, गुडघ्यांपुढे स्टुलावर पेपर, आणि दर थोड्या वेळाने हाक यायची, ‘टकळे, पान उलट गं.’ माझं लग्न झाल्यावर ‘खारू, पान उलट गं.’ खारूला वाचता येत नव्हतं तेव्हापासून ती त्या मोड्यावर बसून पानं उलटतेय. कधी दोन पानं एकदम उलटायची, आणि तू न रागावता मधल्या बातम्या सोडून द्यायचास. (आणि मग संध्याकाळी मला फोन करून जगात काय चाललंय ते विचारायचास.) हे निरागसपण वगैरे नाही, हे आपल्या घरातलं रविवारचं काम आहे, असं मी समीक्षकांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग माझा ताबा सुटला. समोर एक कॉलेजातला मुलगा लोकर अशी करकचून गुंडाळत होता की जणू ती पळून जाणार आहे. मी म्हटलं, सैल, सैल, लोकरीला श्वास घेऊ दे, घट्ट गुंडाळली की ती मरते. (हे वहिनीचं. माझ्या तोंडातून तिच्याच आवाजात निघालं, मीच दचकले.) मग दुसऱ्याला कोपर वर घ्यायला लावलं. भांडून आलेलं एक जोडपं कोपऱ्यात अबोल उभं होतं, त्यांना अनोळखी असल्यासारखं समोरासमोर बसवलं. एवीतेवी ते एकमेकांना ओळख दाखवत नव्हतेच. आयुष्यभर मी इकडची तार तिकडे जोडली, ती सवय जाते कुठे? तासाभरात सगळ्या खुर्च्या भरल्या आणि हॉलभर जी कुजबुज सुरू झाली ती ऐकून मला आपली बैठकीची खोली आठवली. लोक काय काय सांगत होते एकमेकांना! न दिलेले राजीनामे, आईचं दुखणं, पोरं फोन करत नाहीत ते. सगळे हात अडकलेले, त्यामुळे सगळं खरं. आज पेपरात आलंय की एका वृद्ध अभिनेत्रीने घरातल्या थोरलीची भूमिका इतकी सहज केली की ती अभिनय करतेय हेच कळत नव्हतं. वृद्ध! संपादकांना मी वेगळं पत्र लिहिणार आहे.

आता मुद्द्याचं. त्या कॉलेजातल्या मुलाला नीट दाखवावं म्हणून मी लडी त्याच्या हातांवर चढवली आणि गुंडा स्वतः करायला घेतला, तर ती लोकर राखाडी होती. माझी. कार्डिगनची. मी हेर म्हणून गेले होते आणि मला वाटलं होतं की ते बघून मला संताप येईल, तुला सांगायला चांगला मुद्दा मिळेल. तसं झालं नाही. उसवलेल्या लोकरीत टाक्यांच्या वळ्या राहतात ना, बारीक बारीक लाटांसारख्या, त्या तशाच होत्या. वहिनी उसवलं की लोकर धुवायची, वजन बांधून वाळवायची, सरळ करायची. खारूने धुतलेली नाही. वहिनीने पाहिलं असतं तर आळशी म्हणून दोन शब्द ऐकवले असते. पण त्या वळ्यांवरून माझी बोटं फिरली आणि एकेक टाका हाताला लागला. ह्यांच्या आजारपणात ती माझ्याकडे येऊन राहिली होती तेव्हाचा तो कार्डिगन. दवाखान्याच्या बाकावर बसून विणायची. बोलायची नाही, नुसती शेजारी बसून विणायची. मी तिथे त्या अनोळखी पोरासमोर रडले, दादा, भरपूर रडले. त्याचे हात अडकलेले, त्यामुळे त्याला ना रुमाल देता आला ना उठून जाता आलं. शेवटी तोही रडला. का, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लोक भोवती जमले होते. या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, वहिनीने आयुष्यभर केलं काय? उसवलंच की! दर हिवाळ्याच्या तोंडाशी घरातले आखूड झालेले सगळे स्वेटर निघायचे. तुझा लाल मफलर उसवून खारूचा शाळेचा स्वेटर झाला, तो उसवून माझ्या लेकाची टोपी, टोपी उसवून त्याचे हातमोजे, आणि एक हातमोजा हरवला तेव्हा उरलेल्याचा चहाच्या किटलीला अंगरखा. तू तरी कधी म्हणालास का की बाई, माझा मफलर मोडू नकोस? तू दोन्ही हात पुढे करून बसायचास. वहिनीच्या हातचं काहीही जसंच्या तसं कधी राहिलंच नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलेला तुझा तपकिरी स्वेटर हा तिच्या सगळ्या कारकिर्दीतला पहिलाच बेकार बसलेला स्वेटर असेल.

खारू दुपारी भेटली. ती तिथेच एका कोपऱ्यात बसलेली असते आणि लोकांनी केलेल्या गुंड्यांची लोकर विणत असते. तिचा हात अजून सैलच आहे. (तुझ्या टाक्यातून मांजर निघून जाईल, असं वहिनी म्हणायची ना, तस्साच. जे विणायला घेते ते लांबत जातं.) ज्याने ज्याने स्वेटर दिला त्याला ती नवा विणून देणार आहे, त्याच्या आत्ताच्या मापाचा. मी तिला झापायला म्हणून उभी राहिले आणि शेजारी बसले. तिने हातातली ओळ संपवली. मग सुया चालू ठेवून, वर न बघता तिने विचारलं, ‘बाबांचा गुडघा कसा आहे?’ मी म्हटलं, दुखतो, म्हणून आले नाहीत. तिने मान हलवली. मी खोटं बोलले हे तिला कळलं. माझे हात मोकळे होते ना. दारातल्या मुलीने नंतर मला सांगितलं की ते वर्तमानपत्र खारू रोज सकाळी स्वतः विकत आणते, स्टुलावर उघडून ठेवते, आणि संध्याकाळी आवरताना, एकही पान न उलटलेलं, तसंच घडी करून घेऊन जाते. त्या खुर्चीवर येणाऱ्या कुणालाही बसू देत नाहीत. बाकी हॉलभर कुणीही कुठेही बसावं, कुणीही काहीही व्हावं. ती एक खुर्ची तेवढी राखलेली.

तर एवढं झालं. हेर म्हणून मी साफ नापास झाले, हे कबूल. तू येऊ नकोस. गुडघा जप. उगाच त्या सकाळच्या बसमध्ये (जी तुझ्या कोपऱ्यावरून सुटते आणि कारखान्याच्या दारातच थांबते) धक्के खात यायचं आणि थंडीत कुडकुडायचं काही कारण नाही. तू नाही आलास तरी प्रदर्शन चालतंच आहे. आणि तुझा स्वेटर कुणी मागत नाही, तो तुझाच आहे. घराला, कुंड्यांना आणि लाथाळ हीटरला माझी आठवण सांग.

तुझी,
टकळी

ता. क. माझी छत्री तुझ्याकडे राहिली आहे. पोस्टाने पाठवू नकोस, मोडेल. कुणी इकडे येणार असेल त्याच्याबरोबर दे.

ता. क. दुसरं. प्रदर्शन या रविवारी संपतं. सहज लिहिलं, तुला त्याचं काही नाही.

ता. क. तिसरं. हे लिहू की नको असं करत दोनदा पाकीट चिकटवून उघडलं, म्हणून ते असं फाटकं आहे. खारूचं विणकाम बघताना मला एकदम तुझी डावी बाही आठवली. मी तिला तिथल्या तिथे धरलं: लोकर काढ, हात पुढे कर, आता बोल. मग बोलली. शेवटच्या हिवाळ्यात वहिनीची बोटं वळेनाशी झाली होती. पाठ, पोट आणि उजवी बाही तिची. डावी खारूने विणली, तू फिरायला जायचास तेव्हा, आईच्या पायाशी बसून. बाबांना सांगू नकोस, मी थकले असं त्यांना वाटेल, असं वहिनीने तिला बजावलं होतं. पोरीने ते आजवर पाळलं. तू कपाटाला कुलूप लावलंस तेव्हासुद्धा तिने तोंड उघडलं नाही. तेव्हा तुझ्या बायकोचं माप शेवटपर्यंत चुकलं नव्हतं, दादा. ती बाही लांब आहे, कारण ती तुझ्या मुलीची आहे.

ता. क. शेवटचं. स्वेटर अंगात घालूनच ये, त्याला कुणी हात लावणार नाही. बाही दुमडू नकोस. पेपर आणायची गरज नाही, तो तिथे आहे. पान खारू उलटेल. तिने दोन पानं एकदम उलटली तर मी आहेच.